थेंब बुडाला पाहिजे

“बोट पुढे करा, ताई,” तडवी म्हणाले, आणि मायने दोन्ही हात पुढे केले. कुठलं हवं ते घ्या, असं.

तडवी सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत कामाला होते. सडपातळ, पानाने ओठ रंगलेले, बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी मायच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या बारीक नळीत रक्त ओढलं आणि टेबलावरच्या निळ्या पाण्याच्या ग्लासवर नळी धरली. थेंब पडला. निळ्यात लाल मणी जरासा खाली गेला, मध्येच थांबला आणि सावकाश वर आला. तडवी ओठातल्या ओठात आकडे मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

“तरंगला. चालणार नाही.”

“तरंगला म्हणजे चांगलंच की,” माय म्हणाली.

“नाही ताई. बुडाला पाहिजे.”

मायने माझ्याकडे पाहिलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्री घेतलेली. आमच्या अख्ख्या भावकीत निळ्या पाण्याचं नाव सांगू शकणारी मी एकटी, आणि तेव्हा त्याचा मला भलता तोरा होता. “मोरचूद आहे ते,” मी म्हटलं. “केळीच्या बागेवर मारतात तेच.”

“मग ते रक्ताला कशाला?” माय म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर द्यायला सवड नव्हती, कारण वरच्या मजल्यावर नाना रक्ताच्या उलट्या करत होते.

नाना म्हणजे माझे वडील, यादव बडगुजर. चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, नाना वजन करायचे. लोक कापसावर पाणी मारून आणायचे, म्हणजे वजन वाढतं. नाना गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि हात बाहेर काढून नुसते गाडीवानाकडे बघायचे. शिवी नाही, भांडण नाही. गाडी बाजूला, वाळवून आण. त्यांच्या पोटात बरीच वर्षं दुखत होतं आणि ते सोडा पिऊन वेळ मारून न्यायचे. त्या मे महिन्यात आतला अल्सर फुटला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. नानांच्या जिनिंगमधले सोनवणेकाका बरोबर आले होते. त्यांनी लगेच बाटलीभर रक्त दिलं, म्हणून नाना पहिली रात्र निभावले. पण सर्जनने स्पष्ट सांगितलं, “आणखी एक बाटली हातात असल्याशिवाय मी पोट उघडणार नाही. टेबलावर जातील. आणि फार थांबताही येणार नाही.” रक्तपेढीचं कपाट रिकामं होतं. कॉलेजांना सुट्ट्या, शिबिरं बंद, उन्हाने माणसं घराबाहेर पडेनात. घरच्यांनी बाटली दिली तरच पेशंटला चढवायची, असा हिशेब. गटाची अडचण नव्हती, नानांना कुणाचंही रक्त चालणार होतं. जिनिंगचा हंगाम संपलेला, सगळे कामगार आपापल्या गावी गेलेले. उरलो आम्ही दोघी. मला ना भाऊ ना बहीण.

“माझं घ्या,” मी तडवींना म्हटलं.

त्यांनी मला काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो. “पंचेचाळीस लागतात,” ते म्हणाले.

मी बाहेर आले. व्हरांड्यात माठ होता. साखळीने बांधलेल्या पितळी पेल्याने मी पाणी प्यायला लागले. पीत गेले, पीत गेले. पोट तट्ट फुगलं, घशाशी आलं, तरी दोन पेले आणखी रिचवले. माय शेजारी उभी राहून बघत होती. पुन्हा आत जाऊन काट्यावर चढले. एक्केचाळीसही धड भरले नाही. पोटातलं पाणी डुचमळलेलं तडवींनासुद्धा ऐकू गेलं असणार.

“इथं ओकू नका,” ते म्हणाले. “जा, सावलीत बसा.”

नानांना हे मायने सांगितलं. त्यांना बोलवत नव्हतं, पण हसू आलंच. पोट धरून हसले. “पाणी मारलेला कापूस,” ते म्हणाले. “माझ्याच पोरीनं आणला व. बाजूला लावा गाडी.”

आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. उन्हाच्या झळा आत येत होत्या. माय पदराने मला वारा घालत म्हणाली, “आता सांग, माझा थेंब का तरंगला?”

मी सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई शिकवायच्या तसंच, घनतेपासून सुरुवात करून. त्या निळ्या पाण्याची घनता ठरवून ठेवलेली असते, साध्या पाण्यापेक्षा इतकुसं जास्त. रक्त त्याहून जड असेल तर थेंब बुडतो, हलकं असेल तर तरंगतो. रक्तात लाल कण भरपूर असले की ते जड होतं. तुझ्यात कण कमी आहेत, म्हणून हलकं.

“म्हणजे पाणी जास्त.”

“तसंच समज.”

“वरणासारखं.” ती विचार करत होती. “डाळ थोडी आणि पाणी बदाबदा.”

“हो, तसंच.”

“मग आटवायला पाहिजे,” माय म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. त्या दोन-तीन दिवसांत आम्ही दोघी एकत्र हसलो ते तेवढंच, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

तात्यांना फोन मी केला. तात्या नानांचे थोरले भाऊ. पाऊण हात रुंद छाती, तरुणपणी तालमीत घुमलेले, साठीला टेकले असूनही गोणी एका हाताने उचलायचे. ते संध्याकाळच्या एस.टी.ने आले. नानांचा हात धरून रडले. मोठ्याने रडले, वॉर्डातली माणसं बघायला लागली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “काय लागंल ते सांग पोरी. जीव देतो.”

“जीव नको, तात्या. एक बाटली रक्त द्या.”

तात्यांनी माझ्यावरची नजर काढली. मग म्हणाले, “मला साखर आहे ना.”

आमच्या घरात कुणाला कधी कळलं नव्हतं की तात्यांना साखर आहे. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी उसाचा रस घेतला होता, दोन ग्लास, हे त्यांनीच मला येता येता सांगितलं होतं, बर्फ फार घालतात म्हणून. मी रागाने मायकडे पाहिलं.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाई भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरून पदर, नजर खाली, आणि तोंडातून शब्द नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण माय तात्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. एका खोलीत असले तरी ती मला सांगायची, “तात्यांना विचार चहा घेता का,” आणि तात्या मला सांगायचे, “तिला सांग अर्धाच कप दे.” मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात माय उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि बोलली.

“भाऊजी, मी पदर पसरते. यांना एवढी एक बाटली द्या.”

तात्या असे दचकले की बाकावरून उठलेच. तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. शरमेने त्यांची मान लाल झाली होती. मग भिंतीकडे बघतच मला म्हणाले, “छाया, तिला सांग, सकाळी देतो. रात्रीची झोप झाली की रक्त चांगलं येतं.”

मी वळून मायला सांगितलं, “सकाळी देतो म्हणतात.” माय हाताच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं होतं, पण मी सांगितल्यावरच तिने मान हलवली.

सकाळी तात्या नव्हते. पहिल्या गाडीने गेले होते. बाकावर एक केळ्यांची फणी ठेवून गेले होते, नानांसाठी. नानांना पाण्याचा घोटही पोटात ठेवता येत नव्हता. ती फणी मी उचलून कोपऱ्यात भिरकावणार होते, पण मायने घेतली आणि शेजारच्या खाटेवर मुलाच्या सोबतीला बसलेल्या तापीबाईंच्या नातवाला दिली.

“तुला काही वाटत नाही का व?” मी चिडून विचारलं.

“वाटतं ना,” माय म्हणाली. “केळ्यांचा काय दोष पण?”

त्या दिवसापासून मायचा उपवास सुरू झाला. मी उपाहारगृहातून पोळी-भाजी आणली तर म्हणाली, “तू खा. माझी निर्जळा एकादशी आहे.” मला तिथी कधी कळल्या नाहीत. एकादशी वर्षातून किती येतात हेही मला धड सांगता आलं नसतं. निर्जळा उन्हाळ्यात येते, त्या दिवशी पाणीही पीत नाहीत, एवढं आजीकडून ऐकलं होतं. नवरा आजारी आहे, बाई उपवास करतेय, यात मला वेगळं काही वाटलं नाही. राग मात्र आला. कॉलेजात जाऊन आम्ही असल्या उपवासांची टिंगल करायचो.

“देव काय तुझं पाणी मोजत बसलाय?” मी म्हटलं.

“देव नाही मोजत,” ती म्हणाली.

दिवसभर आग ओतत होती. वॉर्डात वरचा पंखा गरम वाराच खाली फेकायचा. माय नानांजवळ बसून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होती. नाना मधूनच डोळे उघडायचे. एकदा म्हणाले, “कापूस फार पिळतेस तू.” ती कापूस भिजवून पिळायची ते पाणी बादलीत पडायचं, आणि तिच्या स्वतःच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मला ते दिसत होतं. मी एकदा पेला भरून आणला, तिने पेला हातात घेतला आणि नानांच्या उशाशी ठेवून दिला.

मी दुपारभर माणूस शोधत हिंडले. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. काही जण ऐकून घ्यायचे आणि मान हलवून निघून जायचे. एका भल्या गृहस्थाने मी पुढे बोलायच्या आतच खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. सोनवणेकाका पुन्हा द्यायला तयार होते, पण इतक्यात पुन्हा घेता येत नाही म्हणून तडवींनी त्यांना हात जोडले. काका मग माणसं आणायला म्हणून चोपड्याला गेले.

रात्री नानांना पुन्हा उलटी झाली. सर्जन येऊन बघून गेला. “उद्याच्या दिवसात नाही झालं तर मग नाहीच,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे बाटली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर माय उठली आणि मला म्हणाली, “चल. पुन्हा बघायला सांग त्यांना.”

“काय बघायचं माय? दोन दिवसांत रक्त वाढतं का?”

“बघायला काय जातं?”

ती जिना उतरताना कठडा धरून उतरली. तडवी तिला बघून वैतागले असणार, पण त्यांनी तिचं बोट हातात घेतलं. सुई टोचली. रक्त येईना. त्यांनी बोट दाबलं, चोळलं, तेव्हा कुठे जाडसर काळपट थेंब फुटला. नळीत घेऊन निळ्या पाण्यावर धरला. थेंब पडला, खाली गेला, मध्ये थांबल्यासारखा झाला. मग तो तसाच जात जात तळाला जाऊन बसला.

तडवींनी ग्लासात वाकून पाहिलं. मग तो ग्लास बाजूला ठेवून कपाटातून नवीन निळं पाणी ओतलं आणि पुन्हा एक थेंब टाकला. तोही बुडाला.

“काय खाल्लंत ताई?”

“गूळ-शेंगदाणे,” माय म्हणाली.

मला आनंदाने रडू फुटलं. तिने कालपासून काहीच खाल्लं नव्हतं, आणि दोन दिवसांत गूळ-शेंगदाण्याने असं काही होतही नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते मानलं. मला ते हवंच होतं.

तडवींनी तिच्या दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला. “कमी आहे.”

“माझा नेहमीच कमी असतो.”

“आधी हे प्या.” त्यांनी ग्लासभर सरबत पुढे केलं. मायने मान हलवली. “निर्जळा एकादशी आहे माझी. झालं की पिते.”

तडवींनी ग्लास टेबलावर ठेवला. “आमच्यातही रोजे असतात ताई,” ते म्हणाले. “पण रोज्यात कुणी रक्त देत नाही.”

“यांच्यासाठीच धरलाय,” माय म्हणाली. “मध्येच मोडला तर काय उपयोग?”

देवाधर्माचं म्हटल्यावर तडवी पुढे बोलले नाहीत. मायला खाटेवर निजवलं. दंडात सुई गेली, खाली काचेची बाटली. रक्त नळीतून फार सावकाश उतरत होतं. तडवी बाटली हलवत बसले. “मूठ मिटा, उघडा. मिटा, उघडा.” माय मूठ मिटत होती, पण तिच्या बोटांत जोर नव्हता. बाटलीचा तळ झाकायलाच बराच वेळ गेला.

“तू वर जा,” माय मला म्हणाली. “सांग त्यांना, बाटली भरतेय. तयारी करा म्हणावं.”

मी पळतच गेले. सर्जनने नानांना स्ट्रेचरवर घ्यायला सांगितलं. नानांना मी वाकून सांगितलं, “नाना, मायचा थेंब बुडाला.” त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

तापीबाई खाटेवर बसून हे सगळं बघत होत्या. “आता तरी तिला पाणी पाज व पोरी,” त्या म्हणाल्या. “काल सकाळपासून थेंब नाही घेतला तिनं. मी रात्रीसुद्धा म्हटलं, मरशील.”

“एकादशी आहे तिची.”

“कसली एकादशी? अगं, परवा तर पौर्णिमा झाली. निर्जळा अजून लांब आहे.”

मी तिथंच उभी राहिले. मग माझ्या कानात तिचं ते वाक्य वाजलं, बाकावर वारा घालता घालता म्हटलेलं. आटवायला पाहिजे.

मी खाली कशी आले ते मला आठवत नाही. माय खाटेवर होती, डोळे मिटलेले, तोंड राखेच्या रंगाचं. एक नर्स तिच्या दुसऱ्या हातात सलाइन लावत होती. “बेशुद्ध पडल्यात,” ती म्हणाली. “पूर्ण सुकल्यात आतून. येतील शुद्धीवर, तुम्ही मध्ये उभ्या राहू नका.” तडवी खिडकीपाशी होते. बाटली उजेडात धरून ते ती तिरपी करून बघत होते. मीही पाहिलं. रक्ताच्या आत काळ्या गुठळ्या लोंबत होत्या, विरजलेल्या दुधात असतात तशा.

“फार वेळ लागला भरायला,” तडवी माझ्याकडे न बघता म्हणाले. “घट्ट होतं. धार लागलीच नाही. गोठलं.”

“गाळून?”

“नाही देता येत, बेटा.”

त्यांनी बाटलीचं बूच काढलं, मोरीपाशी गेले आणि नळ सोडून ती बाटली ओतून दिली. पाणी बराच वेळ लाल येत राहिलं.

नानांचं स्ट्रेचर थिएटरच्या दारातून परत वॉर्डात आलं. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. पण खाटेवर घेतल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, “कमी भरलं का?” काट्यावर विचारायचे तसंच, त्याच आवाजात.

“हो नाना. थोडं कमी भरलं.”

“बरं,” ते म्हणाले.

दुपार कलल्यावर एक मोठी उलटी झाली आणि नाना गेले. सोनवणेकाका संध्याकाळी दोन माणसं घेऊन पोचले. दोघेही धट्टेकट्टे, रक्त द्यायला तयार. मी त्यांना वॉर्डाच्या दारातच थांबवलं.

मायला शुद्ध आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिच्या हातात सलाइन होतं. ओठांवर मी ओला कापूस फिरवत होते. तिने डोळे उघडून आधी माझं तोंड पाहिलं, बराच वेळ. मग विचारलं,

“चढवलं का व त्यांना?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं, माय.”

“मग?”

“मग तरी गेले.”

तिने डोळे मिटले. रडली नाही, निदान तेव्हा तरी. अंगात पाणीच नव्हतं तिच्या. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून रडले आणि तिने सुई टोचलेला तो हात माझ्या पाठीवर ठेवला.

तात्यांनी अग्नी दिला. मला भाऊ नव्हता, तेव्हा तो मान त्यांचाच. ते पुन्हा मोठ्याने रडले, आणि आलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात कशी धावपळ केली ते सांगत राहिले. माय त्यानंतर तात्यांशी कधी बोलली नाही. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आधीही बोलत नव्हतीच. मलाच तेवढं ठाऊक होतं की ती एकदा बोलली होती.

माय पुढे पुष्कळ जगली. तब्येत मात्र कायमची गेली. त्या उन्हाळ्यानंतर तिच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, ते वाढत गेलं. पण कुणी समाचाराला आलं, नानांचा विषय निघाला, की ती सांगायची, “माझं रक्त अंगात घेऊन गेले ते. माझा थेंब बुडाला होता. विचारा छायाला.” बायका माझ्याकडे बघायच्या. मी हो म्हणायचे. मी एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले होते. दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर घनता लिहायचे, वस्तुमान भागिले आकारमान, आणि घरी येऊन ऐकायचे, विचारा छायाला. कधी कधी तिचं तोंड धरून गप्प बस म्हणावंसं वाटायचं. नाही म्हटलं. तेवढंच तिच्याजवळ होतं आणि ते मी दिलेलं होतं.

तिच्या शेवटच्या महिन्यात पॅथॉलॉजीचा एक पोरगा घरी रक्त घ्यायला यायचा. तिचे हात इतके सुकले होते की शीर सापडायची नाही. एकदा त्याने बराच वेळ शोधून नळी भरली, टोपण लावलं आणि गेला. तिला त्या दिवसांत पाणीही मोजून द्यायचं होतं. दिवसाला एवढंच, डॉक्टरांनी सांगितलेलं, जास्त झालं की अंगावर सूज.

“आता नाही बघत का तरंगतं की बुडतं?” तिने विचारलं.

“आता मशीन असतं माय.”

“त्या दिवशी बुडाला होता.”

“हो.”

“दोन वेळा टाकला त्यांनी. दोन्ही वेळा बुडाला.”

“हो माय, दोन्ही वेळा.”

ती छताकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आणि मग मोरीत ओतून दिला.”

माझ्या हातात तिची चादर होती, ती तशीच राहिली. मी म्हटलं, “तू बेशुद्ध होतीस.”

“डोळे उघडत नव्हते. ऐकायला येत होतं. तू गाळून म्हणालीस ना त्यांना? गाळून देता येईल का म्हणून.” ती थोडी हसली. “बी.एस्सी.ला असून.”

“मग संध्याकाळी मला का विचारलंस?”

“बघत होते तू काय म्हणतेस. तू हो म्हणालीस.” श्वास घ्यायला ती थांबली. “एवढीशी होतीस. बाप गेलेला. तूच मला ते तरंगायचं-बुडायचं सांगितलं होतंस. मी म्हटलं, आपण नाही म्हटलं तर ही पोरगी जन्मभर तेच घेऊन बसंल. म्हणून सांगत राहिले सगळ्यांना.”

“मी तुझ्यासाठी म्हणत होते व माय.”

“ते कळलं नंतर. तोवर सवय झाली होती.”

मी चादर तिच्या अंगावर नीट केली. रडायला हवं होतं, पण मला रडू येईना. तीस वर्षं दोघी एकमेकींना खोटं सांगत होतो, आणि ज्याच्यासाठी तिने पाणी सोडलं होतं त्याच्या अंगात तिचा एक थेंबही गेला नव्हता. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

“पाणी दे,” ती म्हणाली.

त्या दिवसाचं पाणी तिचं संपलं होतं. मी पेला काठोकाठ भरून आणला, तिच्या मानेखाली हात घातला, आणि ती सगळं प्यायली.